सावरघाटचे फाटक उघडण्याबाबत, आणि माझा हरणांचा अहवाल रद्द होण्याबाबत

मुक्काम : लाउटरशाइड, आखन शहराच्या दक्षिणेस, पश्चिम जर्मनी
दिनांक : ८ मार्च १९६६
(विमान टपालाने)

प्रति,
मा. उपसंचालक,
वनमार्ग व वन्यप्राणी कक्ष,
पुणे.

विषय : सावरघाट परिक्षेत्रातील लाकूडवाहतुकीच्या कूप-रस्त्यावरील फाटक १ एप्रिलपूर्वी उघडण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अंतरिम अहवाल, दि. ५-२-१९६५.
२) सदर अहवालातील चुकीबाबत माझे शुद्धिपत्र, दि. २१-६-१९६५.
३) आपले पत्र, दि. ३०-९-१९६५. (क्र. १ स्वीकारला असल्यामुळे क्र. २ स्वीकारता येत नाही, असे कळविणारे.)

महोदय,

१. कर्मचारी असे अर्ज करतात ते आपला अहवाल मान्य व्हावा म्हणून. माझा मान्य झाला आहे, आणि तो अमान्य व्हावा म्हणून मी हा अर्ज करीत आहे. अशा अर्जाचा छापील नमुना माझ्या माहितीत नाही, तरी साधा कागद चालवून घ्यावा. घाईचे कारण आधीच सांगतो. सावरघाटच्या फाटकापासून सहा मैल आत पळसखोरी ही वस्ती आहे. तेथील कुसुम मडावी या बाईची प्रसूती एप्रिलच्या मध्याला अपेक्षित आहे. तिला इस्पितळात नेणारी जीप फाटकाच्या आत जाऊ शकत नाही, आणि ते फाटक माझ्या अहवालामुळे लागले आहे.

२. आपणांस स्मरत असेलच की, जंगलातले लाकूडवाहतुकीचे रस्ते बंद केल्याने वन्यप्राण्यांचा फायदा होतो काय, आणि शिकाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करण्यासाठी सप्टेंबर १९६४ मध्ये मला येथे पाठविण्यात आले. येथील फोर्स्टआम्टने, म्हणजे वनखात्याच्या कचेरीने, हरणांना निवांतपणा मिळावा म्हणून सात किलोमीटरचा एक रस्ता ऑक्टोबरपासून बंद केला होता. तोंडाशी रंगवलेला आडवा खांब आणि त्याला कुलूप, एवढाच काय तो बंदोबस्त. जर्मन माणूस त्या खांबाला वळसा घालून जात नाही. आपल्याकडे काय झाले असते ते आपण जाणताच.

३. कक्षाने दिलेल्या प्रपत्रात 'निरीक्षणाचे स्थळ' या रकान्यात 'फाटक' असे आधीच छापलेले होते. छापलेले खोडू नये, या शिकवणीनुसार मी रोज सकाळी दोन तास फाटकापाशी उभा राहून हरणे मोजली. थंडी उणे अकरापर्यंत गेली. पेनातली शाई गोठू लागल्याने पुढील नोंदी पेन्सिलीने केल्या आहेत, त्याबद्दल लेखापरीक्षकांनी काढलेल्या शेऱ्याचे उत्तर मी स्वतंत्रपणे दिले आहे. ऑक्टोबरात दिवसाला सरासरी चार हरणे दिसत होती. जानेवारीत अडतीस. 'शिकाऱ्यांच्या तक्रारी' या रकान्यात 'निरंक' लिहिले, कारण तक्रार घेऊन कोणीही आले नाही. त्यावरून, रस्ता बंद केल्याने हरणे नऊपट वाढली आणि शिकाऱ्यांनीही हा बदल समंजसपणे स्वीकारला, असा निष्कर्ष मी कळविला. तो वाचून कक्षाने माझे अभिनंदन केले. ते पत्र मी घरी पाठविले, वडिलांनी ते चार लोकांना दाखविले, आणि हे सारे मला फार आवडले, हेही येथे नमूद करतो.

४. मे महिन्यात त्याच फाटकापाशी दोन हरणे उरली. जूनमध्ये एकही नाही. तेव्हा प्रपत्राची परवानगी नसताना मी रस्त्यावरून शेवटपर्यंत सातही किलोमीटर तीन वेळा चालत गेलो. आत मला नव्या लेंड्या आढळल्या नाहीत, ठसे आढळले नाहीत, कोवळ्या झाडांची साल सोललेली आढळली नाही. शेवटी मी हेर (म्हणजे श्रीयुत) श्टोल्ट्स यांना गाठले. हे गावातील बेकरीचे मालक असून त्या रानातील शिकारीचे हक्क त्यांच्याकडे आहेत. येथील पद्धत अशी की, ज्याच्याकडे शिकारीचा हक्क त्यानेच हिवाळ्यात जनावरांना चारा घालायचा. ते जे म्हणाले ते शब्दशः देतो : "आल्झो (म्हणजे 'हे बघा'), फाटक लागलं, माझी गाडी आत जाईना. मग बीट आणि गवत तिथंच ओतायला लागलो. आतली सगळी हरणं बाहेर आली, आणि वसंतात चारा थांबला तशी पांगली. तुम्ही विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

५. म्हणजे नऊ महिने मी हरणे मोजीत नव्हतो, बेकरीवाल्याचे बीट खायला कितीजण येतात ते मोजीत होतो. चारा माझ्या उभे राहण्याच्या जागेपासून शंभर पावलांवर, वळणाआड पडत होता. येथील नियमाप्रमाणे चाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आत गोळी झाडण्यास मनाई आहे. हेर श्टोल्ट्स यांचे नवे मचाण दोनशे दहा मीटरवर आहे. मी टेप लावून पाहिले. फाटक लागण्यापूर्वीच्या हंगामात त्यांना चौदा हरणे मिळाली होती, नंतरच्या हंगामात तेवीस. युद्धानंतरचा हा त्यांचा सर्वांत चांगला हंगाम होता, तेव्हा तक्रार ते कशाची करणार? आभार म्हणून त्यांनी मला हरणाची एक तंगडी दिली. मी शाकाहारी असल्याने ती घरमालकीणबाईंस दिली. शासकीय सेवकाने भेटवस्तू घेऊ नये हा नियम मला ठाऊक आहे, म्हणून कळविले.

६. हे सर्व मी दि. २१ जूनच्या शुद्धिपत्रात कळविले होते. आपल्या उत्तरात, स्वीकृत अहवालातील आकडे बदलता येत नाहीत व अंतिम अहवाल अंतरिम अहवालाशी सुसंगत असावा, असे मार्गदर्शन मिळाले. त्यानंतर नोव्हेंबरात सावरघाटच्या कूप-रस्त्यावर फाटक बसविण्यात आले. कामाच्या आदेशात आधार म्हणून माझ्या अहवालाचा क्रमांक आहे. सहा वर्षे मी त्याच परिक्षेत्रात रेंजर होतो. तो रस्ता माझ्या पायाखालचा आहे. त्या रस्त्याला दुसरा पर्याय नाही, हे मला विचारले असते तर मीही पहिल्याच दिवशी सांगितले असते.

७. माझे जुने वनरक्षक आत्माराम मडावी यांनी शाळामास्तर दिनकरराव यांच्याकडून लिहवून घेतलेले पत्र मला दि. २ रोजी मिळाले. फाटकाला कुलूप आहे आणि चावी परिक्षेत्र कचेरीत, तेथून आणखी चौदा मैलांवर. जानेवारीत ओंडक्याखाली पाय सापडलेल्या एका मजुराला वस्तीतल्या लोकांनी खाटेवर घालून फाटकापर्यंत आणले. पुढे बैलगाडी. त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. कुसुम ही आत्मारामची सून. तिचे पहिले मूल पायाळू होते, ते आणि ती दोघे वाचली ती केवळ आरोग्य केंद्राची जीप वेळेवर दारात आली म्हणून. दुसऱ्या खेपेला घरी थांबायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आत्मारामने खात्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेले नाही. त्याने एवढेच विचारले आहे : "साहेब, तुमी लिवलं म्हनून फाटक लागलं असं समदे म्हन्तात. तुमी लिवलं तर उघडन का?"

महोदय, हे पत्र वाचल्यापासून मला स्वतःची लाज वाटते. अर्जात असे लिहिण्याची पद्धत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही.

८. फाटक सर्वांना बंद आहे, असे मात्र नाही. शिकारीच्या परवान्यावर 'वाहनासह प्रवेश' असे पूर्वीपासून छापलेले असल्याने परवानाधारकांना चावीची दुसरी प्रत देण्यात येते. फेब्रुवारीत मुंबईचे एक गृहस्थ दोन जीपगाड्या घेऊन आत गेले आणि एक सांबर घेऊन बाहेर आले. रस्ता ओस पडल्यामुळे सांबर निर्धास्तपणे रस्त्यावरच उभे होते, असे समजते. म्हणजे अभ्यासाच्या विषयातील दुसऱ्या, शिकाऱ्यांबाबतच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही देशांत एकच आले आहे, आणि ते आपण अंतिम अहवालात खुशाल घ्यावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. रस्ता बंद करून, आत जाऊन, चारा कोठे पडतो ते पाहून, दोन-तीन वर्षे मोजले तर कदाचित फायदा दिसेलही. माझा तसा ग्रह आहे. पण ग्रहावर कुलूप लावू नये.

९. तरी विनंती की,

(अ) माझा अंतरिम अहवाल रद्द समजण्यात यावा. त्यासाठी कोणाला तरी जबाबदार धरणे आवश्यक असल्यास मला धरावे. प्रपत्र छापणाऱ्यास धरू नये, ते आता सेवानिवृत्त झाले आहेत.

(आ) सावरघाटचे फाटक १ एप्रिलपूर्वी उघडावे, किंवा निदान एक चावी आत्माराम मडावी यांच्या ताब्यात द्यावी. ते बावीस वर्षे खात्याच्या नोकरीत आहेत, आणि त्यांना आतापर्यंत खात्याने एक शिट्टी व एक कंदील याखेरीज काहीही दिलेले नाही.

(इ) वरील दोन्ही गोष्टी नियमांत बसत नसतील, तर चावी केवळ शिकारीच्या परवानाधारकांनाच मिळते हा नियम मी मान्य करतो. तसे असल्यास सौ. कुसुम मडावी यांच्या नावे वाहनासह प्रवेशाचा एक शिकारी परवाना देण्यात यावा. नमुना मी भरून सोबत जोडला आहे, शिफारस करणारा अधिकारी म्हणून सही माझी आहे, आणि त्यातील एकही छापील शब्द खोडलेला नाही.

उत्तर जर्मनीच्या पत्त्यावर न पाठविता थेट पळसखोरीस पाठविले तरी चालेल.

आपला नम्र, आणि स्वतःच्याच अहवालाने तोंडघशी पडलेला,

श्यामकांत गो. वैशंपायन
सहायक वनाधिकारी (परदेश प्रशिक्षण)

सोबत :
१) हेर श्टोल्ट्स यांचे चाऱ्याच्या जागेबाबतचे सहीचे निवेदन, मराठी भाषांतरासह.
२) आत्माराम मडावी यांचे पत्र. (काम झाल्यावर मूळ प्रत परत मिळावी.)
३) शिकारी परवान्याचा भरलेला नमुना. परवानाधारक : सौ. कुसुम मडावी. कालावधी : एप्रिल १९६६. वाहन : आरोग्य केंद्राची जीप. शस्त्र : निरंक. सावज : निरंक. फाटकातून बाहेर जाणाऱ्या व्यक्ती : एक. परत येणाऱ्या व्यक्ती : दोन.