दोन बोटं कातडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

सामान लागलं एकदाचं. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण उजेड असा की दिवसा दिवा लावायला नको. सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. देवांना पूर्वेची भिंत मिळाली, आणखी काय हवं? नळाला दिवसभर पाणी. लेक म्हणाली, आई, आता तरी बादल्या भरून ठेवू नकोस. मी दोनच भरल्या.

लेक-जावई पुढच्याच गल्लीत राहतात, म्हणून तर आम्ही म्हातारा-म्हातारी या गावात आलो. ह्यांची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली आहे. जागा बदलली की थोडे बावरतील, असं डॉक्टर म्हणालेच होते. संध्याकाळी मला विचारलं, हॉटेल बरं आहे, भाडं काय घेता? मी म्हटलं, तुमच्यासाठी फुकट. इतके हसले की ठसका लागला. किती दिवसांनी हसले!

ही वही हिशेबाची, अर्धी कोरी राहिलेली, टाकवेना. मॅट्रिकनंतर हिशेबाखेरीज काही लिहिलं नाही. पण लेक दिवसभर कामावर, आणि ह्यांच्याशी बोलणं म्हणजे एकटीनेच बोलणं. त्यापेक्षा इथे बोलेन. देवा, या घरात आम्हा दोघांचं नीट होऊ दे.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीत आमचा जुना फोटो लावला, ते चुकलं की काय कळत नाही. लेक शाळेत जायला लागली तेव्हाचा, मी तिशी-पस्तिशीतली. हे त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि मला सांगतात, बाई, आमची मंडळी आली की ताट वाढा, मी परक्या हातचं जेवत नाही. मंडळी पुढ्यात वाटी घेऊन उभी! आधी हसू आलं. आता येत नाही. जुन्या घरात निदान भिंती ओळखीच्या होत्या, त्यांच्या जोरावर मीही ओळखीची होते. इथे काहीच उरलं नाही.

आठ दिवसांत दूध आणि दोन-चार घास, बस. पायजम्याची नाडी दोनदा ओढून बांधली. काल घास पुढे केला तर माझा हात झटकला. मग लगेच माफी मागितली, परक्या बाईची मागावी तशी. ती माफी जास्त लागली.

लेकीने वजनकाटा आणला. आकडा बघून ओठ चावत बसली. म्हणाली, असंच चाललं तर अशा माणसांसाठी संस्था असतात, तिथे शिकलेल्या बायका भरवतात. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी काय करत होते? ती म्हणाली, आई, मार्चअखेरपर्यंत बघू, पुढे माझं ऐकायचं. तिचंही खोटं नाही. पण हे तिथे गेले की महिन्याभरात आटोपतील, मला ठाऊक आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज जे झालं ते तारीख घालून लिहून ठेवते. डोकं फार दुखत होतं, म्हणून ओला पंचा कपाळावरून मागे घट्ट आवळला. गाल ताणले गेले, भुवया वर चढल्या. तशीच वाटी घेऊन ह्यांच्यासमोर गेले. हे बघत राहिले आणि म्हणाले, अगं, होतीस कुठे? भूक लागली ना!

अख्खी वाटी भात संपवला. माझा हात हातात घेऊन बसले. मी रडले तर म्हणाले, वेडी आहेस का, मी कुठे गेलोय?

पंचा सोडला. परत, बाई, आपण कोण?

गुरुवार, २० फेब्रुवारी

चार दिवस जेवणाच्या वेळी पंचा बांधते आहे. कानामागे कातडी सोलवटली, काल रक्त आलं. मग मीच लेकीला म्हटलं, तुमच्या डॉक्टरीणबाईंना भेटव. लेक त्यांच्याच दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, सैल पडलेले चेहरे ताणून द्यायचा दवाखाना. लेक आधी हसलीच. म्हणाली, मी लिपस्टिक लावली तर आठवडाभर नाक मुरडणारी तू! मग माझ्या कानामागे बघितलं आणि लगेच फोन लावला.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. म्हणाल्या, नवऱ्याने सुंदर म्हणावं म्हणून येतात त्या खूप, नवऱ्याने ओळखावं म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्या. आरसा हातात देऊन दोन प्रकार समजावले. लहान शस्त्रक्रियेत फक्त कानापुढे चिरायचं, नखाएवढी पट्टी काढायची, गाल आणि जबड्याची कड वर येते, संध्याकाळी घरी. गळा आहे तसाच राहतो. पूर्णमध्ये कानशिलाच्या केसांपासून चिरत कानाला वळसा घालून मागे मानेपर्यंत जायचं, कातडीखालचा थरसुद्धा उचलून बांधायचा, उरलेली कातडी काढून टाकायची, दोन्हीकडून दोन-दोन बोटं. दोन रात्री तिथे, महिनाभर सूज. तुमचं वय आणि रक्तदाब बघता लहानच करा म्हणाल्या. कमी वाटलं तर पुढे पूर्ण करता येईल. पण आधीच पूर्ण केलं तर मागे फिरता येत नाही.

माझ्या मनात आलं, तेवढे महिने ह्यांच्याकडे कुठे आहेत?

शनिवार, २२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं आधी थोडं ताणलं, लहानाइतकं. हे थबकले, कपाळाला आठ्या घातल्या, नाव जिभेवर असून निघू नये तसं झालं त्यांना. मग दोन्ही तळव्यांनी गाल, गळा सगळं मागे ओढलं. लगेच हसले.

तरी मन धजेना. देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर लहान, एकीवर पूर्ण. डोळे मिटून उचलली. लहान. म्हटलं, हात थरथरला असेल. पुन्हा टाकल्या. पुन्हा लहान.

तिसऱ्यांदा मी दोन्ही चिठ्ठ्यांवर पूर्ण लिहिलं.

उचलली, कपाळाला लावली, नमस्कार केला. चाळीस वर्षांत देवाशी लबाडी केली नव्हती. समईकडे बघवलं नाही. बांगड्या मोडायला लेकीकडे दिल्या.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली, पूर्ण. काल घरी आले. डोक्याला पट्ट्या, तोंड भोपळ्यासारखं, बोलायचं तर ओठांच्या फटीतून. लेकीने रजा काढली आहे, ह्यांना कसंबसं दूध पाजते.

एक लिहायचं राहिलं. आत नेताना मी सिस्टरला म्हटलं होतं, जे कापाल ते मला द्या. माणसाचा देह आहे, कचऱ्यात जाऊ नये, मी वाहत्या पाण्यात सोडीन, हात जोडीन. सिस्टर म्हणाल्या, आजी, लोक दागिने मागतात हो! पण लेकीकडे बघून दिलं. घरून नेलेली मधाची रिकामी बरणी होती, तिच्यात औषधी पाणी आणि दोन फिकट पट्ट्या. एकीवर माझा डाव्या कानापुढचा तीळ. विचित्र वाटलं. नदी लांब आहे आणि या तोंडाने बाहेर कुठे जाऊ? तूर्त स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवली आहे.

गुरुवार, ६ मार्च

टाके निघाले. लेक माझ्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघत रडायला लागली. अगदी तीच, आई, अगदी तीच!

ह्यांनी दारातच ओळखलं. म्हणाले, किती उशीर केलास! पोटभर जेवले, वर मला एक घास भरवला. तोंड नीट उघडत नव्हतं तरी खाल्ला. गालाला स्पर्श कळला नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही दिवस बधिर राहील. राहू दे. देवा, मला माफ केलंस.

शनिवार, ८ मार्च

आज सकाळी ताट पुढे केलं तर मान फिरवली. विचारलं, ती म्हातारी कुठे गेली? मी म्हटलं, कोण म्हातारी? म्हणाले, इथे होती ती, सुरकुतलेली, रोज वाटी घेऊन यायची, मी ओरडायचो तरी यायची. तिला बोलवा. तिच्या हातचं जेवेन.

मी पदर तोंडात कोंबला. तोंड वाकडं होईना, रडता येईना.

दुपारी मी झोपले होते. उठून बघते तर हे स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, डबे इकडेतिकडे, मांडीवर बरणी. काचेवरून अंगठा फिरवत होते, तीळ होता तिथे. म्हणाले, ही बघा, इथे लपली होती. एका हाताने भात खात होते.

मंगळवार, ११ मार्च

बरणी समोर असली की जेवतात. नसली की ओठ घट्ट. म्हणून ठेवू देते. लेकीला सांगितलं नाही.

बरणीत कातडीच्या पट्ट्या दोन होत्या. आता एकच आहे. कडा एकमेकींना जुळल्या आहेत, टाके घातल्यासारख्या, पण टाके नाहीत. आणि रुंद झाली आहे. पाण्याने फुगली असेल. पाणी मात्र कमी झालं आहे, निम्मं. झाकण घट्ट आहे, सांडलेलं कुठे नाही.

आरशात माझ्या नाकाच्या बाजूच्या दोन रेघा गेल्या. त्या फोटोत होत्या.

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, ती कातडी परत लावा. त्यांनी माझा हात थोपटला, म्हणाल्या, नव्या चेहऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं, चेहरा थांबत नाहीये, अजून ओढला जातोय. सूज उतरते आहे म्हणाल्या. हनुवटी बोटांत धरून बघितली आणि त्यांचं बोट जरा थबकलं. मग हात धुतले. बराच वेळ धुतले.

घरी येऊन बरणी पिशवीत घातली, नदीवर जायला निघाले. ह्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि असे ओरडले, लहान मुलाला आईपासून ओढावं तसे. पाय घट्ट रोवले. एवढा जोर कुठून आला?

संध्याकाळी लेकीने वजन केलं. तीन किलो वाढलं! म्हणाली, आई, जिंकलीस तू, संस्थाबिंस्था काही नको आता. माझ्या गळ्यात पडली. मला कळलं नाही तिचा गाल माझ्या गालाला लागला की नाही.

पिशवी जागेवर ठेवली. बरणी परत त्यांच्या मांडीवर.

रविवार, १६ मार्च

भुवया गेल्या. पुसल्यासारख्या.

बरणीतल्याला आता गाल आहेत. हनुवटीखालची लोंबती घडी, ती माझी. कपाळ मी दिलं नव्हतं. ते कापलंच नव्हतं. तरी कपाळ आहे.

हे एक घास स्वतः खातात, एक काचेला लावतात. सरकवलेला घास काचेवरून खाली— नाही, खाली काही पडत नाही. मी ओटा पुसला. कोरडा.

त्यांना म्हटलं, अहो, ती मी आहे. तीच मी. दोघींकडे नीट बघा. त्यांनी खरंच बघितलं. मग बरणी पोटाशी धरून मला म्हणाले, बाई, तुमचं कुणी हरवलंय का?

सोमवार, १७ मार्च

ओठ चिकटत चाललेत. नळीने दूध घेतलं, अर्धं वहीवर सांडलं.

बरणी फोडायला हातात वरवंटा घेतला होता. मग ह्यांच्याकडे बघितलं. पोट भरलेलं, ओठाला भात लागलेला, गुणगुणत होते. फोडली तर उद्या काय खातील? वरवंटा खाली—

दुपारी झाकण ओट्यावर. बरणी आडवी, रिकामी.

हे एकटेच बसले होते. नाही, पाठ माझ्याकडे, दोघं— दाराच्या फटीतून हिरवा पदर. माझी हिरवी साडी दोरीवर नाही.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी लेक आली. किल्लीने दार उघडून माझ्यासमोर उभी राहिली. मी हात पसरले. ती मागे सरली, चेहरा पांढरा. म्हणाली, कोण तुम्ही? आईने बाई ठेवली का? दवाखान्यातून आलात का?

तोंड उघडायला गेले. फट नाही.

स्वयंपाकघरातून माझ्या आवाजात उत्तर आलं, अगं ये गं, आत ये, हे जेवायला बसलेत.

लेक आत धावली. आई, किती घाबरले मी, बाहेर ती कोण बसवली आहेस? मग हसणं. तिघांचं. ह्यांचंही, ठसका लागेपर्यंत.

कुणी हाका मारत नाही मला.

डावा डोळा मिटला, उघडेना. उजव्याला एक रेघ दिसते, तेवढ्यात लिहिते आहे. आत भांडी वाजली. लेक म्हणते आहे, आई, तू बस, मी बघते तिच्याकडे. माझाच आवाज म्हणतो, नको, राहू दे, मीच जाते. पावलं. ओली. औषधाचा वास—

वाचणाऱ्याने ही वही लेकीला दाखवावी. अक्षर ओळखेल ती. मी तिची आई. माझं नाव लिहून ठेवते, माझं नाव