एकविसावी सही

शनिवार, ६ ऑगस्ट

मांडव उभा राहिला! मला वाटलं होतं कापडाचं काहीतरी असेल. कसलं काय — खाली लाकडी फळ्या, भिंतीएवढा पडदा, बिअरचे बारा नळ. आमच्या फुटबॉल क्लबाने त्याला काहीतरी झगमगीत नाव दिलंय. मी मांडवच म्हणणार.

स्टेडियमच्या फाटकापासून माझं दार दोनशे पावलं. तेवढ्या रस्त्यात पूर्वी सात पब होते. आता एकटं माझं ‘शटल’. क्रॉस कीजमध्ये गाद्या विकतात. रेल्वे इनच्या खिडक्यांना जूनमध्ये फळ्या ठोकल्या. शंभर वर्षं या क्लबाची माणसं आम्ही पाजली, सामना हरले की रडायला खांदा दिला. आता म्हणे, लोकांनी फाटकाच्या आतच प्यावं. गरज सरो, वैद्य मरो!

आज सामन्याआधी एकोणीस गिऱ्हाइकं. वॉल्टर असता तर तळघरात जाऊन बसला असता. बरंच झालं, नवरा आधी गेला.

सिरिल मात्र दारात हजर. अठ्ठ्याहत्तर वय, हातात काठी, तरी सामन्याच्या दिवशी दार त्याचंच. १९७९ पासून. अनोळखी तोंड दिसलं की एकच प्रश्न — “तुझा बाप कुठे उभा राहायचा?” ‘कालव्याकडे’, म्हणजे आमच्या पाठीराख्यांच्या स्टँडात, म्हटलं की आपला माणूस, आत ये. चाचरला की समोरच्या संघाचा, रस्ता सुधार. आज एक तरणा म्हणाला, “बाबा? बाबा सोफ्यावर बसायचे.” सिरिल विचारात पडला. मग माझ्याकडे वळून म्हणतो, “बेरिल, सोफा कुठल्या स्टँडात येतो गं?” मी इतकी हसले की पिंट सांडली. घेतलं त्याला आत.

सोमवार, २२ ऑगस्ट

कंपनीचं पत्र. शटलची इमारत त्यांची, मी नुसती चालवणारी. विकायला काढली आहे. घेणारा फ्लॅट करणार. ‘तुमच्या चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार.’

दिवसभर पितळ घासत बसले.

गुरुवार, २५ ऑगस्ट

ग्रंथालयातल्या बाईने एक वाट सांगितली. आजूबाजूला राहणाऱ्या एकवीस जणांनी सह्या करून अर्ज दिला, की ही जागा वस्तीला हवी आहे, आणि नगरपालिकेने ती आपल्या यादीत घातली, तर विक्री सहा महिने थांबते. तेवढ्यात पबच चालवेल असा दुसरा घेणारा शोधायचा.

एकवीस! एकवीस तर इथे एका दमात शिंकतात. म्हणजे शिंकायचे.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

सह्या सहा. डग्लसची पहिली. फोर्ज गल्लीचा डग्लस. आमच्याकडे माणूस गल्लीनेच ओळखायचा — फोर्जचा डग्लस, मिल लेनची आयरीन, टेन्टर स्ट्रीटचा सिरिल. आडनावं फक्त मेल्यावर कळतात, चर्चमध्ये.

शेजारच्या कपड्याच्या दुकानातली नसरीन सही करायला आपणहून आली. “आंटी, मी काय पिणार नाही हं तुमच्याकडे.” म्हटलं, बाई गं, पिणारेही पीत नाहीत, तू सही कर. “तुमच्याकडे दिवा असला की रस्त्यावरून यायला भीती वाटत नाही,” म्हणाली. वाट बघत होते कोणीतरी असं म्हणायची. म्हणाली कोण, तर ही!

सिरिलला म्हटलं, तू कधी करणार? “करतो की. घाई काय? माझी एकविसावी. शेवटचा मान दारवानाचा.”

सोमवार, १९ सप्टेंबर

कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. न्हाणीघराचेसुद्धा. वर माझ्या पलंगाचा काढायला लागला तेव्हा म्हटलं, थांब, मी झोपून दाखवते. पळाला.

बुधवार, २८ सप्टेंबर

थॉर्नबीहून फोन. शनिवारी आपला सामना त्यांच्याशी. त्यांच्या म्हाताऱ्या पाठीराख्यांची एक बस आहे, बावन्न जण, सामन्याआधी बसायला जागा हवी, जेवायला काहीतरी. मांडवात त्यांना घेत नाहीत.

थॉर्नबी! बारा मैलांवरचं गाव, आणि शंभर वर्षांचं वैर. शटलमध्ये थॉर्नबीच्या माणसाने पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. वॉल्टर उभ्या संसारात एकदाच रागावला होता, कारण माझ्या मावशीचा नवरा थॉर्नबीचा निघाला.

हो म्हटलं. बावन्न माणसं बसलेली पाहिली तर कोणी चालवायला घेईल, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर — रिकाम्या खुर्च्या पुसून कंटाळलेय.

शनिवार, १ ऑक्टोबर

करू नये ते केलं.

सिरिलला मी आधी सांगितलं नव्हतं. भ्यायले. अकराला बस आली. निळे गळपट्टे! सिरिल दारात काठी आडवी धरून उभा. “ही काय भानगड?” “मी बोलावलंय,” म्हटलं. “आत येऊ दे त्यांना.” त्याने माझ्याकडे बघितलं, मग बसकडे. एकेक म्हातारा उतरत होता, गुडघे धरत. सिरिलचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता शिव्या घालणार. नाही. काठी खाली केली, माझ्या बाजूने आत घुसला आणि मागच्या दाराने, बॅरल ठेवतो तिकडून, निघून गेला.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दार उघडं आणि दारात कोणी नाही.

डग्लस म्हणाला, “बेरिल, तू त्याची इज्जत काढलीस.” “आणि तू कुठे चाललास?” “लघवीला,” म्हणाला आणि परत आलाच नाही.

थॉर्नबीवाले मात्र सज्जन निघाले. केलेलं सगळं जेवण संपवलं, ताटल्या स्वतः आणून ठेवल्या. एक आजी म्हणाल्या, “आमच्या गावात असा पब एकही उरला नाही हो.” त्यांचीही गत तीच तर! मला एकदम त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. थॉर्नबी ते थॉर्नबीच.

शनिवार, १५ ऑक्टोबर

सिरिल नाही. दारात मी. मला तो प्रश्न विचारता येत नाही — मी विचारला की लोकांना वाटतं बाई गप्पा मारतेय.

शनिवार, २९ ऑक्टोबर

सिरिल नाही. आयरीन म्हणते मांडवात बसत असेल. गेले बघायला, हो, मी स्वतः! प्लास्टिकच्या पेल्यातली बिअर घेऊन उभी राहिले. नाही दिसला. मांडव उभा आहे ती जागा म्हणजे टेन्टर स्ट्रीटच. बावीस वर्षांपूर्वी पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली. सिरिलच्या आईचं घर त्या मोठ्या पडद्याच्या जरा डावीकडे.

रुसलाय. रुसू दे. म्हातारा झाला तरी नाकावरचा राग तसाच! माझं पोट पाठीला लागलंय ते दिसत नाही, हिला थॉर्नबी दिसतं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

हिला नाही, त्याला. कालचं वाचताना दिसलं. एवढी चिडले होते.

काल नव्हे, दहा दिवसांपूर्वीचं. दिवस कळेनासे झालेत.

शनिवार, १९ नोव्हेंबर

वीस सह्या. जुने सगळे येऊन करून गेले, डग्लसने आणलं त्यांना. “चूक तुझी आहे, पण पब आमचा आहे,” म्हणाला. मिल लेन, फोर्ज गल्ली, बॉबिन कोर्ट — कागदावर सगळी वस्ती परत उभी राहिल्यासारखी दिसली. बरं वाटलं बघून. आता एकच हवी. नव्या फ्लॅटांत तीन संध्याकाळ दारं वाजवली. “आम्ही भाडेकरू आहोत.” “मी इथे फक्त झोपतो.” एकाने दाराआडूनच विचारलं, “काही पार्सल आहे का?”

मंगळवार, १३ डिसेंबर

सिरिल आला! भर दुपारी, एकही गिऱ्हाईक नसताना. वाळलाय. काठीच्या दोन काठ्या झाल्यात.

“कुठे आहे तुझा कागद?”

“आधी बस तर.”

“बस नको. बस चुकेल.”

हसला नाही, म्हणून मीही हसले नाही. चष्मा पुसला आणि सावकाश लिहिलं — नाव, पत्ता, १४ टेन्टर स्ट्रीट. खाली सही. अक्षर शाळेतल्यासारखं.

“ते थॉर्नबीचं,” मी म्हटलं, “माझं चुकलं, सिरिल.”

“ते सोड गं,” म्हणाला. “बरी माणसं आहेत ती.”

सिरिल असं म्हणाला! आजारी असेल का? दारापर्यंत पोचवायला गेले तर म्हणाला, मी जाईन, तू आत हो, थंडी आहे.

तो गेल्यावर एकवीस नावं, पत्ते, सगळं बोट ठेवून तपासलं. सगळं बरोबर. पाकीट मीच नेऊन दिलं. येताना डोळ्यांत पाणी येत होतं, वाऱ्याने म्हणावं तर वारा नव्हता.

शुक्रवार, ३० डिसेंबर

झोप लागते आहे.

मंगळवार, २४ जानेवारी

अर्ज नामंजूर.

नगरपालिकेतली मुलगी फोनवर गोड बोलली. “मॅडम, एकवीसपैकी बाराच सह्या धरता आल्या. बाकीचे नऊ मतदार यादीत त्या पत्त्यावर नाहीत.” म्हटलं, असं कसं? मी चाळीस वर्षं ओळखते त्यांना! “मॅडम, हे रस्तेच नाहीत. टेन्टर स्ट्रीट, मिल लेन, फोर्ज गल्ली, बॉबिन कोर्ट — नकाशावर नाहीतच.”

नाहीतच. मला माहीत नव्हतं का? टेन्टर स्ट्रीटवर मांडव आहे हे मी या वहीत लिहिलंय! आणि तरी त्या कागदावर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणाले. त्यांना ‘पत्ता’ म्हटल्यावर त्यांनी आपली जन्माची गल्ली लिहिली, आणि मी वाचली. एकालाही वाटलं नाही की नगरपालिकेला, आज रात्री कुठे निजतोस, ते हवंय. नऊ म्हातारे आणि मी एक म्हातारी, अक्कल सगळ्यांची मिळून पाडलेल्या घरांत राहिलेली.

“परत अर्ज करा ना,” मुलगी म्हणाली.

कंपनीला फोन केला. शुक्रवारीच विक्रीच्या सह्या झाल्या. विकल्यावर अर्जाला अर्थ नाही. ३१ मार्चला किल्ल्या द्यायच्या.

बुधवार, ८ फेब्रुवारी

डग्लसला सांगितलं. त्याने ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, “मग काय लिहायला हवं होतं? खोली नंबर एकशे सहा, म्हाताऱ्यांची पिवळी इमारत? तिथे मला कोण ओळखतं?”

मी त्याचा ग्लास भरून दिला.

शनिवार, १८ फेब्रुवारी

आमचा क्लब, टाउन, चार शून्यने जिंकला. मांडवातून गाणी ऐकू येत होती. इथे सात जण. शेवटचे शनिवार चालू झालेत.

सिरिलला सांगायला हवं. पण तो राहतो कुठे? डग्लसला माहीत नाही, आयरीनला नाही. त्रेचाळीस वर्षं दारात उभा होता आणि रात्री तो कुठे जातो हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. विचारायचं काय — टेन्टरचा सिरिल!

गुरुवार, २ मार्च

वॉल्टरच्या खणात नाताळच्या कार्डांत सिरिलच्या मुलीचं एक जुनं कार्ड सापडलं. नंबर लागला. रविवारी या म्हणाली. पत्ता लिहून घेताना हात थांबला. परत विचारलं. तोच सांगितला.

रविवार, ५ मार्च

थॉर्नबी. दोन बस बदलून.

सहा वर्षं झाली, सिरिल मुलीकडे तिथे राहतो. मुलीने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, “त्या बसमध्ये आमची अख्खी गल्ली होती हो. तुमच्या दारात कोणी ‘काय सिरिल, इकडे कुठे?’ म्हणालं असतं, तर बाबा मेले असते.”

आता त्याला घराबाहेर पडता येत नाही. खिडकीशी बसला होता, पायावर शाल. मला बघून लाजला, मग म्हणाला, “माझी सही चालली ना गं?”

“चालली,” मी म्हटलं. “तुझ्या एका सहीने वाचलं.”

मग त्याने शनिवारी किती गर्दी होती ते विचारलं, आणि मी सांगत बसले.