कंस नको गं

१० मे, शनिवार
दुपारी खालच्या मजल्यावरची सायली. डिप्लोमाचे दोन पेपर अडकलेत, दोन्ही निघाले तरच अंबडच्या कंपनीत कायम करणार. भर उन्हात सातपूरहून क्लास करून आलेली. पन्हं दिलं. शिकवायला यांचा कॅल्क्युलेटर काढला. झाकणाच्या आत यांचं नाव, सुईने कोरलेलं. बटणांवर यांचीच बोटं दिसतात अजून.
भागाकाराखाली २π असं काही आलं की सायली दरवेळी त्याला कंस घालत बसते, वेळ जातो. म्हटलं, "कंस नको गं. २π त्याला एकत्रच कळतं." करून दाखवलं. बरोबर आलं. पोरीने लगेच मानलं. फार बरं वाटलं, शाळेतल्यासारखं.

१२ मे, सोमवार
पहिला पेपर झाला. जिन्यात भेटली. "कंस सोडले, सगळं वेळेत झालं, मावशी." हातात तिचा स्वतःचा नवा कॅल्क्युलेटर, गुलाबी कव्हरचा.
यांचा नव्हे. हे मला शनिवारी सुचायला हवं होतं.

१३ मे, मंगळवार
तिचा बघायला म्हणून मागून आणला. ६÷२(३). यांच्यावर १, तिच्यावर ९. पुन्हा केलं. तेच. यांचा आधी २(३) करतो, तिचा डावीकडून सरळ चालत जातो.
चूक मशीनची नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फळ्यावर कंस दोनदा गिरवून घ्यायच्या. मीही शिक्षिका झाल्यावर वर्गात मुलींकडून तेच करून घेतलं, आणि शनिवारी नुसती शाबासकी हवी म्हणून...
परत द्यायला गेले. सायली क्लासला. तिची आई म्हणाली, बिघडलाय का? नाही म्हटलं. तेवढंच.

१४ मे, बुधवार
उद्या दुसरा पेपर. सांगितलं नाही तर उद्याही तेच करेल. सांगितलं तर सोमवारचं कळेल.
स्वतःच आली, कॅल्क्युलेटर घेऊन. मैत्रिणींशी उत्तरं जुळत नाहीत म्हणे. "माझीच घाई झाली असणार. मी आहेच धांदरट." तेव्हाच 'नाही गं' म्हणायचं होतं. म्हटलं काय, तर उद्या कंस घाल.
"पण तुम्हीच म्हणालात, नको."
दोन्ही मशीन शेजारी ठेवली, ६÷२(३) करायला लावलं. १. ९. तिने पुन्हा करून पाहिलं. मग तिच्यावर कंस घातला. १.
"म्हणजे सोमवारी..."
"हो. मी सांगितलं म्हणून."
पन्हं अर्धं ठेवून गेली. उद्या सेंटरपर्यंत सोबत येऊ का, विचारायचं राहिलं. जाताना नेहमीसारखं "येते, मावशी" म्हणाली की नाही, आठवूनही आठवत नाही.