शिल्लक नव्हे, फी

चि. धम्मदिना हिस,
सप्रेम जय भीम.

काल आपल्या निजामपुऱ्यातल्या घराचे कर्ज मुदतीआधीच फिटले आणि मी पेढे वाटले. तू पेढा घेतलास, "अभिनंदन, बाबा," म्हणालीस आणि वळ गावच्या गोदामात ड्युटीला निघून गेलीस.

नर्सिंगच्या प्रवेशासाठी तू दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवत होतीस. तुझे उद्दिष्ट बेताचे आणि गाठता येण्याजोगे होते. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला तुझा सासरा, म्हणजे मी, मात्र म्हणालो, की कर्जाचे व्याज ठेवीवरच्या व्याजाहून अधिक असताना शिल्लक बाळगणे हा निव्वळ तोटा आहे. ती कर्जात भरावी.

"बाबा, ती शिल्लक नाहीये. माझी फी आहे ती."

तुझा नवरा असून सुमित हसला. "बाबांशी वाद घालतेस? त्यापेक्षा कोर्टात जा ना!"

दुसऱ्या दिवशी तू पैसे आणून दिलेस.

माझ्या अनुमानात चूक नव्हती. चूक नावात होती. तुझ्या फीला शिल्लक म्हटल्याखेरीज तो युक्तिवाद उभाच राहत नव्हता, आणि हे मला तू बोललीस त्याच क्षणी कळले होते. तरी मी गप्प राहिलो, कारण मी जिंकत होतो.

आता हप्ता वाचेल. त्यातून फी सहज भरता आली असती. पण प्रवेशाची वयोमर्यादा तू यंदाच ओलांडलीस.

हे पत्र तुझ्या हाती दिले, तर तू "जाऊ द्या ना, बाबा," म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. म्हणून ते देत नाही.

तुझा ऋणी,
बाबा