गाठोड्याची तंबुली

४ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. तुझ्या सासूबाई चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कुरकुरतात, म्हणजे त्यांचीही तब्येत उत्तम आहे. तुझ्या आईला नमस्कार सांग. आणि आमच्या गाठोड्याला माझ्याकडून एक हलकासा गालगुच्चा. तिला नाव ठेवलंय हे मला ठाऊक आहे, पण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पांढऱ्या कापडात गच्च बांधलेली होती आणि वर नुसतं नाक दिसत होतं. आमच्या धंद्यात त्याला गाठोडंच म्हणतात.

रस्त्याच्या मोजणीवर तुला परत घेतलं हे वाचून बरं वाटलं. तू घरात बसून राहावंस असं आम्हाला कधीच वाटलं नाही. आमचा मुलगा आज असता तर त्यानेच आधी तुझी बॅग भरली असती, आणि नेहमीप्रमाणे मोजे विसरला असता. लेकीचं तोंड पाहायचं त्याच्या नशिबात नव्हतं. असो. त्याचं काही लिहायला लागलो की पत्र पुढे जात नाही.

तुझ्या अडचणीचं मी दोनदा वाचलं. छावणी रस्त्याबरोबर पुढे सरकत राहणार. पत्र्याच्या खोल्या, धूळ, वारा, डास. दिवसा लेकराकडे बघायला छावणीतल्या स्वयंपाकीणबाई तयार आहेत, पण तिला निजवायचं कुठे? तेव्हा मी उचलून नेता येईल अशी झाकलेली झोपायची जागा करून दिली तर तू तिला बरोबर नेणार, नाही जमलं तर वर्षभर आमच्याकडे ठेवून एकटी जाणार. आणि एक मार्चला कामावर हजर व्हायचंय. बरोबर ना?

अगं, जन्मभर तंबू शिवले. सर्कशीचा शिवला, फौजेचे शिवले, पुरात घरं गेलेल्यांसाठी शिवले. माझ्या तंबूत हत्ती राहून गेलाय. हातभर पोरीचं ते काय!

आजच आखणी केली. तळाला मधोमध दुमडणारी फळी, तिच्यावर कडक सपाट गादी. उशी नाही, लोड नाही, तू लिहिलंस तसं. वर एकमेकींना छेदणाऱ्या दोन कमानी, त्यांच्यावर कापड. खाली चार बोटं उंचीचे पाय, म्हणजे जमिनीची ओल नको आणि मुंग्यांची वर्दळ नको. दुमडली की खांद्याला अडकवायची पिशवी. आमच्या कटिंगवाल्याने मापं बघून विचारलं, मालक, ह्यात राहणार कोण, मांजर? सासूबाईंनी लगेच तिचं नाव तंबुली ठेवून टाकलं.

तशा त्या एक गोष्ट म्हणतात, ती कळवतो. म्हणतात, एवढा खटाटोप करायचाच कशाला? समोरची खोली रिकामी आहे. सकाळचं ऊन येतं, डास नाहीत, रस्त्याचा आवाज नाही. वर्षाचा तर प्रश्न आहे, बाळ इथेच राहू दे. मी आपलं त्यांचं म्हणणं तुझ्या कानावर घातलं. माझं काय, मी शिवणारा माणूस.

तुझे बाबा


१६ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाई,

अनेक आशीर्वाद. गाठोडं पालथं पडायला लागलं हे वाचून आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना तेच सांगत होतो. तुझ्या आईचा खोकला कमी झाला का?

आता तंबुलीची हकिकत. ती झाली, आणि बाद झाली. हसू नकोस.

आमच्याकडे तंबू पास करायची एक रीत आहे. शिवून झाला की प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी डकवायची. मग आत शिरायचं, दार लावून घ्यायचं आणि बाहेरच्या उजेडाचा ठिपका कुठे दिसतो का ते शोधायचं. एकही ठिपका दिसला नाही तर तंबू पास. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी मशीनवर चढून बसायच्या वयाचा होतो. तर तंबुलीत मी डोकं घातलं, झडप ओढून घेतली, आणि अंधार गुडुप्प. एक ठिपका नाही. मी खूश. सासूबाईंना हाक मारली, म्हटलं, बघा, ह्याला काम म्हणतात.

त्यांनीही डोकं घातलं. खांद्याभोवती झडप लावून घेतली आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं, कौतुक चाललंय. बाहेर आल्या तेव्हा तोंड लाल, चष्म्यावर वाफ, केस कपाळाला चिकटलेले. चष्मा पदराला पुसत म्हणाल्या, "पाणी आत यायचं नाही हे खरं. वाराही यायचा नाही. लेकराने श्वास काय तुमच्या नावलौकिकावर घ्यायचा?"

पाऊस बाहेर ठेवायची सवय इतकी हाडात मुरलेली की आत कोणीतरी श्वास घेणार आहे हेच डोक्यात आलं नाही. हत्तीला कधी त्रास झाला नाही, कारण हत्तीच्या तंबूला दार मोठं होतं. मग कात्री घेतली आणि चारही बाजू कापून काढल्या. तिथे आता बारीक जाळी आहे, ताणून बसवलेली, म्हणजे तोंडावर पडायची नाही. छप्पर वेगळं, जाळीपासून वीतभर उंच. मधून वारा फिरतो. जाळीला चेन लावली आणि तिची पकड बाहेरच्या बाजूला ठेवली. नाड्या तर सगळ्याच काढून टाकल्या. आम्हा तंबूवाल्यांचं नाडीवाचून अडतं, पण लेकराच्या गळ्याशी येईल असं काही आत-बाहेर लोंबायला नको.

तंबूच्या कडेला ठेवतात ती वाळूची पिशवी बाळ म्हणून आत निजवली होती. सासूबाईंनी तिला टोपडं घातलं. मी तिला एका कोपऱ्याला धरून उचललं तर त्या माझ्या अंगावर धावून आल्या, मानेखाली हात द्या म्हणून. आता ती पिशवी उचलताना मी मानेखाली हात देतो, आणि कटिंगवाला पाठ करून हसतो.

हे सगळं झालं, तरी अजून मन भरत नाही. कमान वाऱ्यात हलेल असं वाटतं. पाय आखूड झालेत. जाळीतून धूळ येईल का, हीही शंका आहे. तान्ह्या लेकराची वस्तू घाईघाईने देता येत नाही. एक तारखेपर्यंत काही जमेलसं दिसत नाही. तेव्हा तू आपली गाठोड्याला इथे आणून सोडायचीच तयारी ठेव. सासूबाईंनी समोरची खोली पुसून घेतली आहे. त्यांना फार वाटतं. तिच्या कानाची पाळी हुबेहूब त्याच्यासारखी आहे, असं म्हणतात. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

तुझे बाबा


२२ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरबाई,

अनेक आशीर्वाद. ह्या पत्राबरोबर पार्सल आहे. आत तंबुली आहे. ती पुरी झालेली आहे. मागचं पत्र पेटीत टाकलं त्या दिवशीही ती पुरी झालेली होती.

आता तू हे वाचत असतानाच मला तोंड लपवावंसं वाटतंय, पण सुरुवात केली आहे तर सांगून टाकतो.

तुझं दोन ओळींचं उत्तर परवा आलं. ठीक आहे बाबा, तिला घेऊन सत्तावीसला येते. एरवी तू चार पानं लिहितेस, समासात चित्रं काढतेस. ह्यात तिला दात येतायत की नाही हेसुद्धा नव्हतं. मला ते दिसलं होतं बरं का. दिसून न दिसल्यासारखं केलं. मी खूश होतो. बाजारात जाऊन एक खुळखुळा आणला.

मग माझ्या ध्यानात आलं की तू येशील, आणि कारखान्यात तंबुली उभी दिसेल. तू इंजिनीअर. तू कमानीला हात लावून बघणार आणि विचारणार, बाबा, ही तर पक्की आहे, हलते कुठे? कारण ती हलत नव्हती. मी गच्चीवर भर वाऱ्यात ठेवून बघितली होती. पायही मापात होते. धुळीला बाहेरून सोडायचा पडदा मी जाळी बसवली त्याच दिवशी शिवून ठेवला होता. तेव्हा काल दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी पातं घेतलं आणि एका बाजूची शिवण काढायला बसलो.

सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मी इतका गुंग होतो की मला त्या दिसल्याच नाहीत.

"शिवताय की उसवताय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी चहा खाली ठेवला, माझ्या हातातलं पातं काढून घेतलं आणि माझ्यासमोर कापडाच्या ताग्यावर बसल्या. मग एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. तुला काय लिहिलं, कुणाच्या नावावर लिहिलं. त्यांना राग आला तो मुख्यतः त्याचाच. मी कधी म्हटलं बाळ इथे ठेवा म्हणून, असं त्यांनी विचारलं. शेवटी म्हणाल्या, "तिचं लेकरू तिच्याजवळ असू दे. आपलं आपल्याजवळ राहिलं नाही म्हणून दुसऱ्याचं ठेवून घ्यायचं नसतं."

तर मागच्या दोन्ही पत्रांत जिथे जिथे 'सासूबाई म्हणतात' असं आहे, तिथे 'मी म्हणतो' असं वाच. चष्म्याचं तेवढं खरं त्यांचं. बाकी खोली माझी, ऊन माझं, कानाची पाळी माझी. ती खोली मीच पुसली. त्याची जुनी खुर्ची बाहेर काढली, आणि भिंतीवर लहानपणी त्याने मारलेल्या रेघांवरून फडकं न फिरवता आजूबाजूचं पुसलं. सासूबाई त्या खोलीत अजून जात नाहीत. मी म्हटलं, लेकरू आलं की जातील. हे तरी खरं होतं की नाही, आता मलाच ठाऊक नाही.

कालपासून एकच विचार डोक्यात आहे. समज, तू तिला इथे ठेवलीच असतीस. वर्षाने तू न्यायला आली असतीस. तोवर ती माझ्या हातून जेवायला शिकली असती, मी थोपटल्याशिवाय झोपली नसती. आणि मी काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. भांडलो नसतो. एवढंच म्हटलं असतं की आत्ता तिला सर्दी आहे, पुढच्या महिन्यात ने. मग म्हटलं असतं, तिथे शाळा बरी नाही. मग, तू वाळली आहेस, तुझंच तुला झेपत नाही. तंबुलीत खोटी खोट काढायला मला आठवडा पुरला. तुझ्यात काढायला वर्ष होतं. आणि मी हे सगळं प्रेमाने केलं असतं, त्यामुळे तुला माझ्यावर रागावताही आलं नसतं.

म्हणून तिला इथे आणू नकोस. म्हणजे आण, पोटभर राहा, पण जाताना घेऊन जा. तुझी गैरसोय होईल, ती आजारी पडेल, तू रडकुंडीला येशील, आणि मी इथे बसून म्हणेन की मी सांगत होतो. म्हणू दे मला. तू तिला सोडू नकोस.

उसवलेली बाजू काल पुन्हा शिवली आहे, दुहेरी. धागा जरा वेगळ्या रंगाचा दिसेल. उघडताना फळी आधी सपाट कर, दुमडीतली खिट्टी खट्ट वाजली की मगच कमानी उभ्या कर. खिट्टी वाजल्याशिवाय लेकरू आत ठेवायचं नाही, हे स्वयंपाकीणबाईंनाही सांग. पडदा वारा येईल त्याच बाजूला सोड, चारही बाजूंना कधी नको. उन्हात तंबुली ठेवू नकोस, छप्पर असलं तरी. छावणीत ठोकून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नकोस, माझ्या शिवणीवरसुद्धा. ती बसायला लागली की तंबुली बंद. मग मापं पाठव, मोठी शिवून देतो. खुळखुळा पार्सलमध्ये घातलाय, पण तो जागेपणी खेळायला. झोपताना बाहेर.

सासूबाईंनी तुला वेगळं लिहिलंय. ते मी वाचलेलं नाही. माझ्याविषयी बरंच असणार.

शेवटी सही काय करावी ह्याचा सकाळपासून विचार करतोय. लग्नानंतर पहिल्या दिवशी मी न सांगताच तू मला बाबा म्हणालीस. तेव्हा तो होता. आता तो नाही, आणि मी हे असं वागलो. तू यापुढे काय म्हणावंस ते तुझं तू ठरव, मी त्यात बोलणार नाही. पण तुझं पत्र येईपर्यंत जुनंच लिहितो.

तुझे बाबा