जावईबापूंच्या बंगईची भोकं

नंदनवन, नागपूर

रा. रा. जावईबापू मनोहरराव यांना मार्तंडरावांचा नमस्कार. तुम्ही आणि चि. प्रमोदिनी अमरावतीला खुशाल असालच. तुमच्या कमरेची चौकशी मुद्दाम वेगळी करतो. आमचं ठीक चाललं आहे.

दिवाळीत तुम्ही झुलता झुलता आमच्या बंगईसकट खाली आलात, तेव्हापासून तुम्हाला रजाच मिळत नाही असं प्रमोदिनी लिहिते. (आम्ही विश्वास ठेवला आहे.) दोष बंगईच्या कडीत पिन बसते त्या भोकाचा होता. ते ढिलं पडलं आणि पिन निसटली. म्हणून मी एक जुनं ड्रिल मशीन आणून मागच्या पडवीत बसवलं आहे. नेमकं भोक पाडणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. पहिल्यांदा मी एकदम पूर्ण मापाचंच पाडलं, तर रीमरला, म्हणजे भोक आतून खरवडून नेमक्या मापाचं करणाऱ्या धारेच्या दांडीला, खरवडायला काही उरलंच नाही. तो नुसता आत हिंडून आला. आता भोक केसभर लहान ठेवतो आणि मग तेल सोडत रीमर हाताने सावकाश फिरवतो. बाहेर काढतानाही तो उलटा फिरवायचा नसतो, धार जाते. (जावयाशीही असंच जपून वागावं, असं तुमच्या सासूबाईंचं मत आहे.) आता पिन सोडली की आपल्याच वजनाने हळूहळू आत उतरते. मी ती दिवसभर सोडून पाहत असतो. सासूबाई म्हणतात, "आता पुरे करा न भोकं. जावयाले बसाले फळी तरी राहू द्या."

हा धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे, बत्तासे अशा जाळीदार वस्तूंचंच वाण द्यायचं असतं. यंदा त्यात आमची बंगईही धरा. आम्ही दोघं तिच्यावर बसून पाहिलं आहे. (सासूबाईंचं वजन लिहीत नाही.) लेकीवाचून घर खायला उठतं, हे मात्र सरळच लिहितो. तिला घेऊन या.

आपला,
मार्तंड

ता. क. पत्र वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "पोळपाटाचं काहून नाही लिहिलं?" तर, ड्रिल करताना खाली आधाराला लाकूड लागतं. हाताशी आलं ते घेतलं. पोळपाटाला चार भोकं पडली आहेत, चारही अगदी सरळ. या महिन्यात जावयाकडे काही मागू नये हे कळतं, पण पुरणपोळ्या तुमच्यासाठीच लाटायच्या आहेत. येताना एक पोळपाट प्रमोदिनीच्या हाती द्यावा; तुम्ही हात लावू नये, म्हणजे मागितल्यासारखं होणार नाही.

पुन्हा ता. क. बंगईखाली गादी अंथरलेली दिसेल. ती सासूबाईंनी अंथरली आहे. माझा तिच्याशी संबंध नाही.