सगळ्यांच्या कॉलरवर आपली खूण

४ जून

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडे मजेत. थोरामोठ्यांचा मान राखावा अशी एक गोष्ट आमच्या शाळेतल्या मुलांकडून वठवून घ्यायची आहे. राजानं सगळे म्हातारे राज्याबाहेर काढले आणि एकानं बापाला माळ्यावर लपवलं, ती तू सांगायचीस ना? नीट आठवत नाही. लिहून पाठव.

थोरली आजी कशी आहे? तिच्याशी भांडण जरा कमी कर.

तुझी माया अशीच राहू दे, शिव्यांसकट.

तुझी बडबडी

११ जून

चि. बडबडी हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर लागेल तसं वाच. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून हात इस्त्रीवरच.

गोष्ट अशी. राजाला वाटलं, म्हातारे बसून खातात, म्हणून हाकलले. एका पोरानं बाप माळ्यावर ठेवला. पुढे शेजारच्या राजानं कोडं घातलं, की राखेचा दोर वळून दाखवा, नाहीतर राज्य घेतो. दरबारातल्या शहाण्यांची दातखीळ बसली. माळ्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, दोर आधी वळा, परातीत ठेवा, मग जाळा. राज्य वाचलं आणि राजा म्हाताऱ्यांच्या पाया पडला.

मला ही गोष्ट कधी पटली नाही. त्याला उत्तर आलं म्हणून तो राहिला. आलं नसतं तर?

आता माझ्या जावेचं, तुझ्या थोरल्या आजीचं, ऐक. आपल्या धुलाई-इस्त्रीच्या दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून शाईनं ज्याच्या त्याच्या घरची खूण करायची, हे काम ती या घरात आल्यापासून तिचं. कुणाची फुली, कुणाचा काटा, आपल्या घरची तीन टिंबं. आता थोरली सगळ्यांनाच तीन टिंबं लावते. अर्धा गाव आपल्या कपाटात येऊन पडलाय. परवा तुझा बाप बँकेतल्या साहेबाचा शर्ट घालून गल्ल्यावर उभा, आणि समोर साहेब! आतल्या खोलीत जाऊन उतरवून द्यावा लागला. शाई लपवली तर ती पेन्सिलीनं लावते.

तेव्हापासून तुझा बाप म्हणतोय, तिला कुठंतरी ठेवू. कुठं ते सांगत नाही, माझ्याशी बोलताना छताकडे बघतो. तुला काही कळलं असेल तर लिही.

लोभ आहे तेवढा पुरे, आटू देऊ नकोस.

आजी

१९ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला धीर होईना. ती जागा, म्हणजे वृद्धाश्रम, मीच शोधली. माझ्या शाळेच्या मागच्या रस्त्यावर आहे. खिडक्या मोठ्या, चादरी स्वच्छ, नर्सबाई चोवीस तास. बाबा म्हणाले, तुला इतक्यात सांगू नको. पुढच्या महिन्यात ते तिला गाडीनं आणून सोडणार आहेत. मी रोज जाऊन तिच्यापाशी बसेन.

आजी, तूही आता थकलीस. तिला उठवताना पडलीस तर? आणि तुमचं दोघींचं कधी पटलं गं? तिनं तुला सुखाचा घास खाऊ दिला नाही, हे तूच सांगतेस.

गोष्ट मुलांना आवडली. दोर जाळायला मात्र मुख्याध्यापिका परवानगी देत नाहीत.

रागाव, पण माया तोडू नकोस.

बडबडी

९ जुलै

चि. बडबडी हिस आशीर्वाद. अनेक होते, त्यातले काही राखून ठेवलेत.

तुझ्या बापानं भाड्याची गाडी दारात आणली. थोरली खुशीत होती. तिला वाटलं, गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला निघालोय; गठ्ठा कुठाय म्हणून विचारत होती. मी गाडीच्या दारापुढे खुर्ची टाकून बसले.

तुझा बाप म्हणाला, ती कशाच्या उपयोगाची नाही, धंदा बुडवते. मी म्हटलं, खरं आहे. म्हणाला, ती तुला ओळखत नाही. म्हटलं, तेही खरं. मला कामवाली समजते आणि पूर्वीपेक्षा बरं वागवते. मग का, म्हणून त्यानं विचारलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उठले नाही, एवढंच. गल्ली गोळा झाली. ड्रायव्हरला दुसरं भाडं होतं, तो कंटाळून गेला.

पटण्याचं म्हणशील तर नाहीच पटत. मला ती आवडत नाही. आवडेल त्यालाच घरात ठेवायचं असतं, तर तुझ्या बापाला मी कधीच बाहेर काढला असता.

पण जिंकले असं समजू नकोस. तुझा बाप माझ्याशी बोलत नाही, थोरली मला ओळखत नाही, घरात कशी छान शांतता आहे. निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या नव्या दुकानात गेली. आज सकाळी न्हाणीत ती माझ्या हातातून निसटली. तिचा गुडघा सोलला, माझं डावं मनगट सुजलं. तुझ्या बापाला अजून सांगितलेलं नाही. उद्या मी पडले की तुझंच खरं ठरेल, गाडी परत येईल, आणि दारापुढे बसायला कुणी नसेल.

रोज जाऊन बसेन म्हणतेस. बसायला इथं पुष्कळ येतात, चहा पितात, हळहळतात, जातात. मला तिला धरायला आणखी दोन हात पाहिजेत. शाळेला सुट्टी लागली की ये. जुने कपडे आण, भिजतात.

लोभ असावा असं सगळेच लिहितात. तुझा असेल, तर बाह्या वर करून ये.

आजी